स्वमग्न मुले आणि सार्वजनिक तरणतलाव

(स्वमग्न मुलांचे पालक, जलतरण शिक्षक आणि नगरपालिकांचे कर्मचारी यांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचा हा संपादित भाग.)



आजच्या विषयाबद्दल पहिला आक्षेप बहुधा घरातूनच येतो. ज्या मुलाला अजून धड बोलता येत नाही, शर्टाची गुंडी लावता येत नाही, त्याला पोहायला कशाला शिकवायचे, असे आजोबा विचारतात, शेजारी विचारतात, कधीकधी शाळेतील बाईही विचारतात. आधी बोलणे येऊ द्या, मग अक्षरे येऊ द्या, आणि एवढे करून वेळ नि पैसा उरलाच तर पोहण्याचे पाहू, असा एक क्रम आपल्या मनात पक्का बसलेला असतो. पोहणे ही चैन आहे, सुट्टीतली मौज आहे, असे आपण गृहीत धरलेले असते. हा क्रम स्वमग्न मुलांच्या बाबतीत चुकीचा असून धोक्याचाही आहे, आणि त्यांना पोहायला शिकवण्याचे काम प्रामुख्याने सार्वजनिक तरणतलावांनी अंगावर घेतले पाहिजे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. मी डॉक्टर नाही. पोहायला शिकवणे हे माझे काम. त्यामुळे मी बोलेन ते पाण्याबद्दल आणि पाण्यात उतरणाऱ्या मुलांबद्दल.

‘स्वमग्नता’ या शब्दाने थोडी दिशाभूल होते. मूल स्वतःतच बुडालेले आहे, त्याला जगाचे काही देणेघेणे नाही, असा त्याचा अर्थ लोक घेतात. प्रत्यक्षात पुष्कळ स्वमग्न मुलांना जग जाणवते ते आपल्यापेक्षा अधिक तीव्रतेने. पंख्याची घरघर, कपड्याची शिवण, दिव्याचा लखलखाट यांचा त्यांना त्रास होतो. आणि माणसांचे हावभाव, सूचक बोलणे, अचानक झालेला बदल यांचा अर्थ लावणे त्यांना कठीण जाते. १९४३ साली बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष वेधले. त्यानंतरच्या काळात आईच्या थंडपणामुळे मूल असे होते हे मत पसरले. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाने तर त्याला मोठीच प्रतिष्ठा मिळवून दिली. ते मत शास्त्राने केव्हाच टाकून दिले आहे. ही मेंदूच्या वाढीतील जन्मजात भिन्नता आहे, तीत आईचा काही दोष नाही. तरीही तलावाच्या काठावर मूल किंचाळू लागले की बघ्यांची नजर प्रथम आईकडे वळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारणपणे शंभर मुलांमागे एक मूल स्वमग्न असते. म्हणजे ही मुले प्रत्येक गावात आहेत, प्रत्येक वॉर्डात आहेत. ती दिसत नाहीत, कारण आपण त्यांना बाहेर येऊ देत नाही.

पाण्याची ओढ आणि पाण्याचे भय

आता पाण्याकडे येऊ. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना पाण्याची विलक्षण ओढ असते. पाण्यावर पडलेला प्रकाश हलतो, तो पाहत ती तासन्‌तास बसतात. नळाखालून हात काढायला तयार होत नाहीत. यामागे कारणे आहेत. पाणी अंगाला सर्व बाजूंनी सारखे दाबते, आणि जितके खोल जावे तितका हा दाब वाढतो. घट्ट पांघरुणात गुरफटून घेतले की जी शांतता ज्या मुलांना मिळते, तीच त्यांना छातीएवढ्या पाण्यात मिळते. जमिनीवर सतत धावणारे, हात झटकणारे मूल पाण्यात स्थिर उभे राहिलेले मी पुष्कळदा पाहिले आहे. पाण्यात बोलावेही लागत नाही, कोणाच्या डोळ्यांत पाहावेही लागत नाही.

परंतु हीच ओढ जिवावर बेतते. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत, २०१२ साली ती प्रसिद्ध झाली, असे दिसून आले की स्वमग्न मुलांपैकी सुमारे निम्मी मुले चार वर्षांच्या वयानंतर एकदा तरी घरातून वा शाळेतून कोणाला न सांगता निघून जाण्याचा प्रयत्न करतात. काळजी वाटावी इतका वेळ जी बेपत्ता राहिली, त्यांतील जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या पालकांनी मूल बुडण्याच्या धोक्यात सापडले होते असे सांगितले. पुढे २०१७ साली कोलंबिया विद्यापीठातील दोन संशोधकांनी अमेरिकेतील मृत्युदाखल्यांचा सोळा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पंधरा वर्षांखालील स्वमग्न मुलांत बुडून मरण्याचे प्रमाण इतर मुलांच्या १६० पट असल्याचे त्यांनी नोंदवले. मृत्युदाखल्यावर स्वमग्नतेची नोंद नेहमी असतेच असे नाही, त्यामुळे हा आकडा थोडा मागेपुढे होईल. पण तो निम्मा केला, चौथाई केला, तरी आपल्याला झोप लागू नये इतका मोठा उरतो.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात बुडून मेलेल्यांची सरकारी नोंद ३८ हजारांहून अधिक आहे. त्या अहवालात मृताचे वय असते, स्त्री की पुरुष हे असते. मूल स्वमग्न होते की नाही, याला रकाना नाही. बातमीत ‘खेळता खेळता पाय घसरून’ एवढेच येते आणि प्रकरण संपते.

शिवाय आपल्याकडचे पाणी अमेरिकेतील बंगल्यामागच्या हौदासारखे कुंपणात नसते. कठडा नसलेली विहीर, कालवा, खाणीत साचलेले पाणी, पावसाळ्यात भरून वाहणारा ओढा, चाळीच्या आवारातील झाकण नसलेली टाकी, या सर्व ठिकाणी ते उघडे पडलेले असते. २०१६ पासून सरकारी योजनेतून गावोगाव शेततळी झाली. शेतकऱ्याला त्यांचा आधार आहे, हे निर्विवाद. परंतु ज्या शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर असते, त्याच्या उतारावर शेवाळ धरते आणि आत पडलेल्या धडधाकट माणसालाही बाहेर येता येत नाही. अशा तळ्याला कुंपण हवे, आणि आत सोडलेला गाठींचा दोर हवा. जे मूल हाकेला ओ देत नाही, जे ‘वाचवा’ म्हणून ओरडणार नाही, ते अशा पाण्याकडे चालत गेले तर काय होईल, याचा विचार ग्रामपंचायतीने करावयाचा नाही, तर कोणी करावयाचा?

शिकवायचे कसे

पोहायला शिकवण्याची आपली जुनी रीत सर्वांना ठाऊक आहे. पाठीला वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचे हलके लाकूड किंवा पत्र्याचा बंद डबा बांधायचा, काकाने नाहीतर थोरल्या भावाने विहिरीत ढकलून द्यायचे, आणि नाकातोंडात पाणी जाऊन चार दिवस गेले की पोर आपोआप हात मारू लागते. या रीतीने पिढ्यान्‌पिढ्या पोहायला शिकल्या, हे खरे. परंतु स्वमग्न मुलाला असे ढकलले तर त्याचा पाण्यावरचा विश्वास तर उडतोच, पण ढकलणाऱ्या माणसावरचाही उडतो, आणि तो विश्वास परत मिळवायला वर्षे लागतात. धाडस म्हणजे काय, गंमत म्हणजे काय, हे त्याला कळलेले नसते. ज्याने माझा हात धरला होता, त्यानेच तो सोडला, एवढेच त्याला कळते.

अपंग मुलांना पोहायला शिकवण्याची एक सुसंगत पद्धत १९४९ साली लंडनमध्ये जेम्स मॅकमिलन यांनी तयार केली. ते पेशाने अभियंते. पाण्यात शरीर कसे तरंगते, कसे कलते, कसे उलटते याचा त्यांनी हिशेब मांडला. साउथगेट येथील हॅलिविक नावाच्या अपंग मुलींच्या शाळेत त्यांनी हे काम सुरू केले, म्हणून त्या पद्धतीलाही तेच नाव पडले. प्रारंभी शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलींसाठी निघालेली ही पद्धत पुढे स्वमग्न मुलांसाठीही वापरली जाऊ लागली. तिचे दहा टप्पे आहेत. त्यांतील पहिला टप्पा मनाचा आहे, हातापायाचा नव्हे. मुलाने पाण्याशी जुळवून घ्यावे, पाण्यात फुंकर घालावी, चेहरा ओला झाला तरी घाबरू नये. त्यानंतर येते ते शरीर वळवणे : उभ्याचे आडवे होणे, आडव्याचे पुन्हा उभे होणे, पालथे पडले तर उताणे होणे. पाणी आपल्याला वर ढकलते, हेही मुलाला सांगून कळत नाही. तळाची रंगीत वस्तू उचलायला खाली जाऊ लागले आणि अंग वर येऊ लागले की ते कळते. हात मारून पुढे जाणे सर्वांत शेवटी. एका मुलामागे एक शिकवणारा असतो, आणि दंडात हवेच्या फुग्या किंवा कमरेला तरंगते पट्टे बांधत नाहीत.

या शेवटच्या गोष्टीवर पालकांचा विश्वास बसत नाही. फुग्यांनी मूल सुरक्षित राहील असे त्यांना वाटते. पण दंडात फुग्या घातलेले मूल पाण्यात उभे लटकते. पोहण्याची आडवी अवस्था त्याला सापडत नाही. त्याहून मोठा धोका असा की पाणी मला नेहमी वर धरते, असा त्याचा समज होतो. सवय पक्की झाली की ती बदलणे स्वमग्न मुलाला फार जड जाते. एखाद्या दिवशी फुग्या नसतानाही ते तितक्याच विश्वासाने पाण्यात पाऊल टाकते.

प्रत्यक्ष शिकवताना ज्या गोष्टी उपयोगी पडतात, त्यांना फार साधने लागत नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे क्रम. कपडे बदलणे, अंगावर पाणी घेणे, काठावर बसणे, पाण्यात उतरणे, तीन खेळ, बाहेर येणे, अंग पुसणे, अशी सात-आठ चित्रे पुठ्ठ्यावर काढून, वर प्लास्टिक लावून काठावर ठेवावीत. एक काम झाले की ते चित्र उलटे करावे. पुढे काय होणार आणि हे केव्हा संपणार, हे कळले की निम्मी भीती जाते. शिक्षक तोच हवा, वार तोच हवा, आणि तलावाचा कोपराही शक्यतो तोच हवा.

दुसरी गोष्ट भाषेची. आपण किती गोष्टी सूचकपणे बोलतो, हे या मुलांना शिकवताना लक्षात येते. ‘जरा थांब’ म्हटले तर जरा म्हणजे किती? त्याऐवजी दहा आकडे मोजावेत आणि दहाला खरोखरच थांबणे संपवावे. ‘पाणी कापत ये’ म्हटले की मूल गोंधळते. ‘सूर मार’ म्हटल्यावर गाणे म्हणू लागणाराही मला भेटला आहे. एका वेळी एक क्रिया, दोन-तीन शब्दांत, आणि शब्दांआधी हाताने करून दाखवलेली. जे मूल बोलत नाही त्याच्यासाठी ‘पुरे’ आणि ‘आणखी’ या दोन खुणा पहिल्या दिवशीच ठरवाव्यात. ‘पुरे’ची खूण केल्यावर शिक्षक खरेच थांबतो, हे एकदा कळले की मूल पुढच्या वेळी अधिक धीर धरते.

तिसरी गोष्ट इंद्रियांची. बंदिस्त तलावात शिट्टी, आरडाओरडा आणि भिंतीवरून परतणारा प्रतिध्वनी मिळून जो कल्लोळ होतो, तो आपल्या कानांना सवयीचा असतो. या मुलांना तो असह्य होतो. क्लोरीनचा वास, डोक्याला चिकटणारी रबरी टोपी, फवाऱ्याच्या टोचणाऱ्या धारा, या प्रत्येकावर मूल अडू शकते. टोपी घालणार नाही म्हणून मुलाला परत पाठवणारा नियम हा नियमाचा दुराग्रह होय. फवाऱ्याऐवजी तांब्याने पाणी घेतले तर स्वच्छता कमी होत नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे शिकवण्याचा अग्रक्रम. हातपाय सुबक पडतात की नाही, याला आरंभी काही महत्त्व नाही. पाण्यात पडल्यावर वळून काठ धरता येणे, उताणे होऊन तोंड पाण्याबाहेर ठेवता येणे, श्वास घेत राहणे, काठाकाठाने सरकत पायरीपर्यंत जाणे आणि बाहेर येणे, एवढे आले की आपण त्या मुलाला आयुष्याचे एक शस्त्र दिले. त्याला किती महिने लागतील हे सांगता येत नाही. एखादे मूल काठावर पाय सोडून बसायलाच दोन महिने घेते. दुसरे पहिल्याच आठवड्यात तळाशी जाऊन बसते आणि मग वर येऊन श्वास घ्यायचा असतो, हे त्याला शिकवावे लागते.

काही मर्यादा

मित्रहो, ज्या गोष्टीचा आपण पुरस्कार करतो तिच्या मर्यादा आपणच सांगितल्या पाहिजेत. पोहण्याने स्वमग्नता बरी होत नाही. स्वमग्नता हा बरा करायचा रोगच नव्हे. जलोपचाराच्या नावाखाली पालकांकडून भरमसाट पैसे उकळणारे आणि ‘सहा महिन्यांत मूल बोलू लागेल’ असे सांगणारे लोक आज शहरांत आहेत, त्यांच्यापासून सावध राहा. या विषयावर झालेले अभ्यास लहान आहेत, थोड्या मुलांवर झालेले आहेत. नीट शिकवले तर स्वमग्न मुले पाण्यातील सुरक्षेची कौशल्ये आत्मसात करतात, एवढे त्यांतून चांगले दिसते. त्यापलीकडच्या आश्वासनांना तेवढा आधार नाही. झोप सुधारली, मूल शांत झाले, घरच्यांना एक आनंदाचा तास मिळाला, तर तो लाभ समजावा. त्यासाठी चमत्काराची भाषा नको.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. एका ठिकाणी शिकलेले दुसरीकडे आपोआप वापरणे या मुलांना अवघड जाते. निळ्या फरशीच्या तलावात, पोहण्याच्या कपड्यांत, ओळखीच्या शिक्षकाबरोबर जे जमते, ते हिरव्या गढूळ पाण्यात शाळेच्या गणवेशात जमेलच असे नाही. म्हणून काही दिवसांनी अंगावर नेहमीचे कपडे ठेवून, निराळ्या बाजूने, निराळ्या शिक्षकाबरोबर सराव घ्यावा. त्याचप्रमाणे पाण्याची गोडी लागली की मूल पाण्याकडे अधिक धावण्याचा संभव असतो. यासाठी पहिल्या दिवसापासून एक शिस्त पाळावी : काठावर थांबायचे, शिक्षकाकडे पाहायचे, त्याने खूण केली तरच उतरायचे. ही शिस्त प्रत्येक वेळी, अपवाद न करता पाळली तरच ती अंगवळणी पडते. शिवाय स्वमग्न मुलांपैकी बऱ्याच जणांना अपस्माराचा त्रास असतो. पाण्यात झटका आला तर तोंड वर धरून ठेवणारे माणूस हाताच्या अंतरावर हवे. डॉक्टरांचा सल्ला आणि शिक्षकाला त्याची पूर्वकल्पना, दोन्ही हवीत. आणि पोहता येते म्हणून लक्ष ठेवणे संपत नाही. कुंपण, कडी, झाकण आणि डोळ्यांत तेल घालून राखण, ही पूर्वीइतकीच आवश्यक राहतात.

तिसरी गोष्ट विक्रमांविषयी. मुंबईची जिया राय ही स्वमग्न मुलगी २०२१ साली वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचे ३६ किलोमीटर अंतर ८ तास ४० मिनिटांत पोहून गेली. पुढल्या वर्षी तिने पाल्कची सामुद्रधुनी पार केली आणि २०२४ च्या जुलैमध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, १७ तास २५ मिनिटांत इंग्लिश खाडी. नौदलातील एका नोकरदाराची ही मुलगी. तिच्याविषयी आपल्याला अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. स्वमग्न मूल काही शिकू शकत नाही म्हणणाऱ्यांना तिने जे उत्तर दिले, ते शंभर भाषणांनी दिले नसते. परंतु आपल्या समाजाला एक खोड आहे. अपंगांमधील एखाद्याने असामान्य काही केले की आपण त्याचा सत्कार करतो आणि उरलेल्यांना विसरतो. माझ्या दृष्टीने खरा प्रश्न असा आहे की ज्या मुलाला खाडी पार करावयाची नाही, ज्याला उथळ पाण्यात फक्त उताणे पडून आकाशाकडे पाहावयाचे आहे, त्याला तलावात जागा आहे काय?

दार उघडे कोणासाठी

जागा नाही, हे त्याचे सरळ उत्तर आहे. पालकांनी विचारले तर ‘बाकीच्यांना त्रास होईल’, ‘आमच्याकडे तसे शिक्षक नाहीत’, ‘पाणी घाण केले तर जबाबदार कोण’, ‘लेखी हमी द्या’, अशी उत्तरे मिळतात. एका तलावावर मी स्वतः पाहिले आहे की फॉर्मवर मुलाची अवस्था प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या आईला पास नाकारला गेला. ती लपवून प्रवेश घेणाऱ्यांना तो मिळतो. म्हणजे जी माहिती शिक्षकाला सर्वांत आधी हवी, तीच लपवायला आपण पालकांना भाग पाडतो.

एक अडचण तर अशी आहे की ती नियम करणाऱ्यांच्या ध्यानातही येत नाही. आपल्या तलावांवर स्त्रिया आणि पुरुष यांच्या बॅचेस वेगवेगळ्या असतात. दहा-बारा वर्षांच्या स्वमग्न मुलाला तलावावर कोण आणते? आई आणते, कारण वडील कामावर असतात. स्त्रियांच्या वेळेत त्या मुलाला प्रवेश नाही आणि पुरुषांच्या वेळेत आईला नाही. कपडे बदलण्याच्या खोलीत त्याला एकटे सोडता येत नाही. नियम कोणाच्या द्वेषापोटी झालेला नाही, परंतु त्याचा परिणाम दार बंद होण्यातच होतो. पैसेवाले पालक खासगी क्लबाचा तास विकत घेतात. रिक्षाचालकाच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाला तो मार्ग नाही, आणि कडीकुलपाशिवायच्या एका खोलीत, उघड्या नाल्याच्या काठी राहणाऱ्या त्याच मुलाला बुडण्याचा धोका अधिक.

कायदा याविरुद्ध आहे. १९९५ च्या अपंगत्वाच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश केला. या कायद्याचे कलम ३० खेळांतील सहभागाविषयी आहे. सुविधा सर्वांना वापरता येतील अशा करण्याची जबाबदारी ते शासनावर टाकते. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही खेळ आणि विरंगुळा हा अपंग मुलांचा अधिकार मानला आहे.

पण महाराष्ट्राला हे सांगावयास नको की सार्वजनिक पाण्याचा ठराव होणे आणि ते पाणी खुले होणे, यांत किती अंतर असते. रावबहादुर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचे जाहीरही केले. आणि तरीही १९२७ साली डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जावे लागले. अस्पृश्यतेच्या अन्यायाशी मी आजच्या प्रश्नाची बरोबरी करीत नाही. तो अन्याय निराळा, त्याची क्रूरता निराळी. कागदावरचा हक्क पाण्यापर्यंत पोहोचवण्यासाठी माणसांना स्वतः काठावर जाऊन उभे राहावे लागते, एवढाच धडा मी त्यातून घेतो.

यासाठी फार पैसा लागतो, ही सबब आपण मान्य करू नये. बांगलादेशात तर तरणतलावच नसलेल्या खेड्यांत गावच्या तळ्यात बांबूंची चौकट आणि तळाशी बांबूंचाच मंच बांधून लाखो लहान मुलांना पोहायला शिकवण्यात आले. शिकवणारे त्याच गावचे तरुण-तरुणी. बांबू आपल्याकडेही पिकतो आणि तरुणही आहेत.

आपल्याकडे वानवा आहे ती काम करणाऱ्यांना स्थैर्य देण्याची. अनेक शहरांत पालिकेचे तलाव ठेकेदारांकडे गेले आहेत. जीवरक्षक आणि शिक्षक कंत्राटावर, तुटपुंज्या पगारावर, आज या तलावावर तर उद्या त्या तलावावर. ज्या मुलाला तोच शिक्षक, तीच वेळ, तोच कोपरा हवा, त्याला दर दोन महिन्यांनी नवा माणूस भेटतो. म्हणून कामगारांच्या नोकरीची शाश्वती आणि या मुलांचे शिक्षण, हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. शिक्षकाला कायम करा, ही मागणी स्वमग्न मुलांच्या पालकांनीही केली पाहिजे.

तेव्हा आपल्या मागण्या अशा असाव्यात. प्रत्येक पालिका तलावाने आठवड्यातून किमान दोन तास या मुलांसाठी राखून ठेवावेत. त्या वेळी शिट्टी नाही, ध्वनिक्षेपक नाही, गर्दी नाही, आणि आई असो वा वडील, कोणालाही मुलासोबत पाण्यात उतरता यावे. त्यांच्यासाठी कपडे बदलण्याची एक स्वतंत्र खोली असावी. तलावावरील जीवरक्षकांना आणि शिक्षकांना पालिकेच्या खर्चाने या कामाचे शिक्षण द्यावे, आणि त्या शिक्षणात अनुभवी पालकांना शिकवणारे म्हणून बोलवावे. शुल्क इतर मुलांपेक्षा अधिक नसावे. ग्रामपंचायतींनी विहिरींचे कठडे, शेततळ्यांची कुंपणे आणि आतले दोर यांची पाहणी दर पावसाळ्यापूर्वी करावी. आणि राखीव तासांचा मुक्काम कायमचा नसावा. ज्या मुलाला जमेल त्याला हळूहळू सर्वांच्या बॅचमध्ये न्यावे, म्हणजे इतर मुलांनाही या मुलांची ओळख होईल.

महाविद्यालयातील ज्या तरुणांना पोहता येते, त्यांना मी वेगळे आवाहन करतो. आठवड्यातला एक तास द्या. एका मुलाची जबाबदारी घ्या, आणि ती वर्षभर सोडू नका. तुम्ही दहा वेळा गैरहजर राहणार असाल तर येऊच नका. पण आलात तर त्या मुलाचा विश्वास बसेपर्यंत टिका.

उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी पालिकांची अंदाजपत्रके होतात आणि तलावांच्या वेळापत्रकांवर सह्या होतात. त्याआधी आपल्या गावच्या मुख्याधिकाऱ्याकडे, आयुक्तांकडे, नगरसेवकाकडे दहा-दहा पालकांनी मुलांसह एकत्र जावे, निवेदन द्यावे, पोच घ्यावी आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा जावे. मुले तेथे ओरडतील, टेबलाखाली शिरतील, कदाचित साहेबांच्या ग्लासातील पाणी सांडतील. सांडू द्या. ज्यांच्यासाठी आपण दोन तास मागतो आहोत, ती मुले कोण आहेत हे त्या कार्यालयाने एकदा पाहिले पाहिजे.